वाटा आणि वाट्याची किंमत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कायद्यासंबंधी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की स्त्रियांच्या हक्कांविषयी आजवर इतके लिहून झाले आहे की त्यात आपण नवी भर ती काय घालणार? पण विचार करता असे ध्यानात आले की हक्काच्या पुढची जी पायरी, तिच्याविषयी आपण बायका फारशा बोलत नाही. कायद्याने बहिणीला भावाइतका वाटा दिला, पत्नीला तिचे स्त्रीधन दिले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वाट्याचे रुपये किती, आणि ते कोणी ठरवायचे? हा प्रश्न निघाला की घरातली वडीलधारी मंडळी खाकरतात आणि आपण चहा टाकायला उठतो.

माझी स्वतःची योग्यता या विषयात एवढीच, की मी एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयात लघुलेखिका होते. मी वकील नव्हे, न्यायाधीश तर नव्हेच. दुसऱ्यांचे शब्द टिपून घ्यायचे आणि टंकलिखित करून द्यायचे, हे माझे काम. परंतु इतकी वर्षे साक्षी टिपताना एक गोष्ट मनावर पक्की ठसली. वाटणीच्या दाव्यात ‘हिस्सा किती’ हा वाद पुष्कळदा लवकर मिटतो. खरी झुंज लागते ती ‘किंमत किती’ या मुद्द्यावर. त्या झुंजीचा इतिहास मला जसा कळला, तसा येथे सांगते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे दोन भाग सांगितले आहेत. एक वृत्ती, म्हणजे निर्वाहासाठी ठेवलेली रक्कम, आणि दुसरे अंगावरचे दागदागिने. वृत्तीला दोन हजार पणांची मर्यादा घातली आहे. दागिन्यांना मात्र मर्यादा नाही. म्हणजे बाईच्या धनाचे मोजमाप करण्याची बुद्धी त्या काळीही होती. याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि कैद अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत देण्याचे बंधन त्याच्यावर ठेवले नाही. यावरून इतर वेळी घेतले तर ते परत करावयाचे, हे ओघानेच आले. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिली, तेव्हा स्त्रीधनाची व्याख्या आणखी व्यापक केली. वारसाने, खरेदीने वा वाटणीने आलेली मालमत्ताही त्याने तिच्यात धरली. पुढे इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने ही व्याख्या आकसून टाकली. तरी मुंबई इलाख्यात बापाची मालमत्ता मुलीकडे आली तर ती पूर्ण मालकीने येते, हा आपल्याकडचा नियम टिकून राहिला. हे सारे समजून घ्यायचे असेल तर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासासारखा दुसरा आधार नाही.

परंतु शास्त्रात असणे निराळे आणि हातात पडणे निराळे. मराठेशाहीत वतनाचे, जमिनीचे तंटे गोतसभेपुढे येत. सभेला गावचा पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावांचे जाणते लोक बसत, आणि निवाड्याचा महजर लिहून त्यावर सर्वांच्या निशाण्या होत. आज आपण ज्याला तज्ज्ञाची साक्ष म्हणतो, ती त्या काळी गावाच्या स्मरणात होती. गावाची शीव कोठून जाते हे महाराने सांगावे आणि ते सर्वांनी मानावे, अशी रीत होती. कारण शिवेची राखण त्याच्याकडे असे. ज्याला माहिती आहे त्याचे ऐकावे, मग तो समाजाच्या उतरंडीत कोठेही असो, हे तत्त्व त्यात होते. मात्र त्या सभेत बाई बसत नव्हती. तिचे दागिने किती तोळ्यांचे होते, शेताचा कोणता तुकडा सकस आणि कोणता माळाचा, हे सांगणारे सगळे तिच्या सासरचे वा माहेरचे पुरुष. जे वाटणारे, तेच मोलकरी.

इंग्रजांनी या तोंडी ज्ञानाला कागदी रूप दिले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ४५ आले. एरवी साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, ऐकलेले तेवढेच सांगावयाचे, स्वतःचे मत द्यावयाचे नाही. पण परदेशी कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर अशा विषयांत त्या विषयाच्या जाणकाराचे मत न्यायालयाला घेता येईल, असा अपवाद या कलमाने केला. पुढे कलम ५१ मध्ये असेही म्हटले की त्या मताची कारणेही पुराव्यात येतील. भगिनींनो, हे छोटेसे कलम मला फार मोलाचे वाटते. तज्ज्ञ म्हणाला म्हणून खरे, असे कायदा कधीच म्हणाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हिमाचल प्रदेशातील सफरचंदांच्या बागांसंबंधीच्या खटल्यात हेच बजावले. तज्ज्ञाच्या शब्दाला वजन येते ते त्याने दिलेल्या कारणांमुळे आणि पुढे मांडलेल्या आधारांमुळे. निर्णय करणे हे न्यायाधीशाचेच काम. हा जुना कायदा १ जुलै २०२४ पासून गेला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तज्ज्ञांचे कलम आता ३९ वे आहे आणि त्यात शास्त्र व कला यांच्या जोडीला ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ असे शब्द घातले आहेत.

दुसरी सोय झाली ती १८९३ च्या वाटणीच्या कायद्याने. दोन खोल्यांचे घर पाच भावंडांत तोडून वाटता येत नाही. अशा वेळी निम्म्या वा त्याहून अधिक हिश्शाच्या मालकांनी मागणी केली तर न्यायालय ते घर विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकते. पण एखाद्या हिस्सेदाराने ‘मीच ते विकत घेतो’ असे म्हटले, तर न्यायालयाने किंमत ठरवून घ्यावी आणि त्या किमतीला त्याला द्यावे. तिसरी सोय १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेची. जागेवर जाऊन पाहणी करण्यासाठी, बाजारभाव काढण्यासाठी न्यायालय कमिशनर नेमते. त्याच्या पाहणीला दोन्ही पक्षांनी हजर राहावयाचे असते, त्याचा अहवाल पुराव्यात धरला जातो, आणि तो अहवाल पटला नाही तर त्याला साक्षीला बोलावून प्रश्न विचारता येतात. हा प्रश्न विचारण्याचा हक्क फार थोड्या बायका वापरताना मी पाहिल्या. पुष्कळशा जणी पाहणीच्या दिवशी घरातच थांबतात. ‘तिथे पुरुषमाणसांत कशाला जायचे’ म्हणून.

आता हक्कांचा भाग. १९३७ साली विधवांना मिळकतीत वाटा देणारा कायदा झाला. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्याचा पाठपुरावा केला, म्हणून तो ‘देशमुख कायदा’ या नावाने ओळखला जाई. पण विधवेला मिळाली ती हयातीपुरती मर्यादित मालकी. आणि शेतजमिनीला तो कायदा लागत नाही, असा निर्वाळा १९४१ साली फेडरल न्यायालयाने दिला. डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल अडले, १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि पुढे १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्याच्या कलम १४ ने स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण मालकी झाली. पण त्याच कायद्यात कलम २३ होते. राहत्या घरात मुलीचा वाटा आहे, पण भाऊ आपली वाटणी करून घेत नाहीत तोवर तिला ती मागता येणार नाही, असे ते कलम म्हणे. म्हणजे वाटा आहे, पण त्याची किंमत काढण्याची वेळच येऊ द्यायची नाही. हे कलम एकोणपन्नास वर्षे टिकले आणि २००५ साली गेले. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला होता, मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने येतो; २००५ साली वडील हयात होते की नव्हते, हा प्रश्नच उरत नाही.

येथवर हक्क आला. आता किमतीकडे वळू.

माझ्या नोकरीच्या काळात एका जुन्या वाड्याची वाटणी आली होती. दोन भाऊ, एक बहीण. भावांनी आणलेल्या मूल्यमापकाने जी किंमत काढली, तिच्या जवळजवळ तिप्पट बहिणीच्या मूल्यमापकाने काढली. दोघेही शिकलेले, अनुभवी. मला वाटले, यांतला एक खोटे बोलतो आहे. पण उलटतपासणी टिपता टिपता उमगले की दोघांचीही गणिते बरोबर होती. त्यांनी वेगवेगळी वस्तू मोजली होती. वाड्यात जुने भाडेकरू होते. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून त्यांची भाडी गोठलेली. भावांच्या माणसाने त्या तुटपुंज्या भाड्याच्या उत्पन्नावरून किंमत बांधली. बहिणीच्या माणसाने शेजारच्या मोकळ्या जागांच्या खरेदीखतांवरून जमिनीचा भाव लावला, जणू भाडेकरू नाहीतच. न्यायाधीशांनी दोघांनाही एकच विचारले, ‘आज हा वाडा जसा आहे तसा, भाडेकरूंसकट, कोणी घेतला तर काय देईल, आणि तसे व्यवहार जवळपास कोठे झाले आहेत?’ त्यावर दोघेही गप्प झाले. शेवटी न्यायालयाने आपला कमिशनर नेमला आणि किंमत दोहोंच्या मध्ये कोठेतरी आली.

त्या दिवसापासून मूल्यांकनाचा कोणताही अहवाल माझ्या हाती आला की मी तीन गोष्टी शोधते. पहिली, कोणती वस्तू मोजली: मोकळी जागा की भाडेकरूंसकट, सगळे घर की अविभक्त हिस्सा? दुसरी, कोणत्या तारखेची किंमत: दावा लावला त्या दिवसाची की प्रत्यक्ष वाटणीच्या दिवसाची? वाटणीच्या दाव्यात आधी हिस्से ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा होतो आणि प्रत्यक्ष वाटप अंतिम हुकूमनाम्याने होते; या दोहोंत कित्येकदा अनेक वर्षे जातात. तिसरी, कोणते दाखले: शेजारच्या खरेद्या, भाड्याचे उत्पन्न, की बांधकामाचा खर्च वजा घसारा? मुद्रांक शुल्कासाठी शासन जे दरपत्रक काढते, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, तेच पुष्कळजण किमतीचा पुरावा म्हणून पुढे करतात. ते शुल्कवसुलीच्या सोयीसाठी आहे. या घराची, या मजल्याची, या वाटेची खरी किंमत त्यात नसते.

आपल्या शेजारी गोव्यात या प्रश्नाला निराळे उत्तर मिळाले, तेही येथे नोंदविण्यासारखे आहे. पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता तेथे लागू झाली आणि मुक्तीनंतरही चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. आणि मुलगा-मुलगी वारसात समान. मृत्यूनंतर ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही होते. सगळ्या मालमत्तेची यादी करावयाची, तिचे मोल ठरवावयाचे, आणि मग वारसांनी आपसांत बोली लावावयाची. ज्याची बोली चढी त्याला ती वस्तू. त्याच्याकडे वाट्याहून जास्त गेले असेल तर त्याने इतरांना रोख भरपाई द्यावयाची. २०१२ च्या गोवा कायद्यानेही ही पद्धत पुढे चालविली आहे. यात मला एक शहाणपण दिसते. घर स्वस्तात पडावे म्हणून ज्याने किंमत कमी सांगितली, त्याच्यावर बहिणीने पाच रुपये चढविले की त्याची लबाडी तेथल्या तेथे उघडी पडते. अर्थात ज्या बहिणीकडे बोलीला लागणारा पैसाच नाही, तिला या शहाणपणाचा उपयोग थोडा, हेही खरे.

आता कुटुंब न्यायालयांविषयी. दुर्गाबाई देशमुख १९५३ साली चीनला गेल्या होत्या. तेथील न्यायालये पाहून आल्यावर त्यांनी पंडित नेहरूंशी आणि मुंबई उच्च न्यायालयाचे छगला व गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी या विषयावर बोलणे केले. कायदा मात्र व्हायला १९८४ साल उजाडले, आणि महाराष्ट्रात पुण्या-मुंबईला ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली. येथे एक गैरसमज दूर करते. भावाबहिणींच्या वाटणीचा दावा कुटुंब न्यायालयात जात नाही, तो दिवाणी न्यायालयातच चालतो. कुटुंब न्यायालयात येतो तो नवरा-बायकोमधील मालमत्तेचा वाद, पोटगी आणि स्त्रीधन. तेथे वकील हा हक्काने मिळत नाही, परवानगीने मिळतो. पुराव्याचे नियम सैल आहेत. कलम १४ प्रमाणे वादाच्या निर्णयाला मदत होईल असा कोणताही अहवाल, कागद वा माहिती न्यायालय घेऊ शकते. ही सवलत बाईसाठी मोठी आहे. सोनाराची जुनी पावती, लग्नातली छायाचित्रे, रुखवताच्या वहीतली यादी, सगळे पुढे ठेवता येते. पण सैल नियम दोन्ही बाजूंना सारखेच सैल. समोरचाही कच्चा अहवाल आणू शकतो, आणि त्याला कारणे विचारणारे कोणी नसेल तर तो तसाच खपून जातो.

नवऱ्याचे उत्पन्न आणि मालमत्ता दडविली जाते, ही या न्यायालयांतली जुनी तक्रार. नागपूरहून निघालेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात द्यावे. शहरी आणि शेतकरी कुटुंबांसाठी वेगळे नमुने आहेत. आता प्रश्न तोंडी उरला नाही, कागदावर आला.

सोन्याची गोष्ट तर सर्वांच्या जिव्हाळ्याची. स्त्रीधन ही बाईची संपूर्ण मालकीची वस्तू आहे, सासरच्यांकडे ती केवळ ठेव म्हणून असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्ध सांगितले. पण ठेव मोडली गेली तर तिचे मोल कोणत्या दिवसाचे? केरळातील एका बाईंच्या ८९ पवन सोन्याचा वाद २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कुटुंब न्यायालयाने २०११ साली तिला ८ लाख ९० हजार रुपये देवविले होते; उच्च न्यायालयाने ते फिरविले. सर्वोच्च न्यायालयाने बाईंचे म्हणणे मान्य केले आणि म्हटले की इतक्या वर्षांनी तोच जुना आकडा देणे म्हणजे अन्याय होईल. राहणीमानाचा वाढता खर्च ध्यानात घेऊन २५ लाख रुपये द्यावेत. किमतीची तारीख बदलली की न्याय बदलतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या घरातले जुने दागिने मोजताना आणखी एक गुंता असतो. आजीच्या यादीत वजन तोळ्या-माशांत, आईच्या पावतीवर ग्रॅममध्ये. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणानंतर नवे दागिने १४ कॅरटचे घडविण्याचे बंधन आले होते, म्हणून त्या काळच्या बांगड्यांचा कस वेगळा निघू शकतो. त्यात सोनाराने घट धरली, खडे आणि लाख वजा केली, घडणावळ तर मोडीत कधीच परत मिळत नाही. म्हणून ‘वीस तोळे’ एवढेच लिहून भागत नाही. नग, वजन, कस आणि शक्य तर छायाचित्र, एवढे हवे. हॉलमार्क २००० सालापासून आहे आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तेव्हा नव्या दागिन्यांचे काम पुष्कळ सोपे झाले आहे.

इतके सारे सांगितले, तरी ज्या प्रसंगी सर्वांत जास्त नुकसान होते तो प्रसंग न्यायालयापर्यंत येतच नाही. तो म्हणजे हक्कसोडपत्र. वडिलांचे तेरावे होते, भाऊ म्हणतो, ‘ताई, सही करून टाक, पुढे कटकट नको.’ ताई सही करते. तिची साडीचोळी देऊन बोळवण होते. तिने स्वखुशीने हक्क सोडला तर त्यात वाईट काही नाही. भावाची ओढग्रस्त असेल, त्याने आईवडिलांचे केले असेल. प्रेमाने सोडलेला हक्क हे सुद्धा एक दानच आहे. पण दान करणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे ठाऊक असावे. किंमत न विचारता केलेली सही म्हणजे दान नव्हे, ती केवळ भीड.

कोणी म्हणतील, घरात परका माणूस आणून भिंती मोजवून घेणे म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणे. मी याच्या उलट पाहिले आहे. किंमत कोणालाच माहीत नसते तेव्हा संशय वाढतो. भाऊ समजतो बहीण हावरट, बहीण समजते भाऊ लबाड. दोघांनी मिळून एकच मूल्यमापक नेमला, त्याला काय मोजायचे आणि कोणत्या तारखेला हे लेखी दिले, दोघांनी त्याच्या बरोबर घर हिंडून दाखविले, अशी काही प्रकरणे मी पाहिली. त्यांतली बहुतेक तडजोडीने मिटली आणि भाऊबीज चालू राहिली. पैशाची अडचण म्हणाल तर १९९४ साली महाराष्ट्र शासनाने पोटगी, मालमत्ता, हिंसा व घटस्फोट यांसंबंधीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून सवलत दिली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मूल्यमापकाची फी मात्र निराळी. ती आधी विचारून घ्यावी.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, सहली निघतात. त्याच जोडीला वर्षातून एक दुपार आपण कागदांसाठी काढावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येकीने त्या दुपारी आपल्या दागिन्यांची याद, माहेरच्या आणि सासरच्या जागेचा सातबारा वा मिळकतपत्रिका, एवढे घेऊन यावे आणि ज्यांना वाचता येते त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावे. भांडायला जाण्यासाठी नव्हे. वेळ आलीच तर कोणी आपल्या वाट्याला किंमत लावताना आपण तेथे उभे असावे आणि ‘हे कशावरून?’ एवढे विचारता यावे, म्हणून. चिटणीसबाईंनी दिवस नेमावा. पहिल्या दुपारी वाचून दाखवायला मी येईन.